एका लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा आठवणी लिहाव्यात की कामाचे काही लिहावे, याविषयी आम्हा तिघांत एकमत होईना. पहाटेची वंदना, हापशावरची आंघोळ, जेवणाच्या घंटेआधीच लागणारी ताटांची रांग, यांविषयी आमच्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. म्हणून २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत शाळेच्या कार्यालयातील लॅपटॉपवर आम्ही जे काम केले, त्याचीच हकीकत येथे सांगतो. त्या लॅपटॉपवरील विंडोज जसेच्या तसे राखून त्याच्या शेजारी लिनक्स बसवायचे होते. आमच्यापैकी कोणीही संगणक अभियंता नाही. तिघांनाही हे काम पूर्णपणे नवे होते. ज्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आपापल्या गावी असेच काही करावेसे वाटेल, त्यांना नवख्यांनी नवख्यांसाठी लिहिलेले हे टिपण उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

प्रथम त्या लॅपटॉपमध्ये काय होते ते सांगितले पाहिजे, कारण सगळा जीव तेथेच गुंतला होता. आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यांची अवस्था ठाऊक आहे. काही पाने पावसाळ्यात ओली होऊन एकमेकांस चिकटली, काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्या. अधीक्षक सरांनी काही वर्षांपूर्वी सवड मिळेल तशी एकेक पान स्कॅन करून ती या लॅपटॉपमध्ये साठवली. आपल्या मुलांपैकी बहुसंख्य मावची, गावित, कोकणी आणि भिल्ल कुटुंबांतील. जमातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली की मुलाच्या बापाची, आत्याची, चुलत्याची शाळेतील नोंद शोधावी लागते. ज्या घरात जमिनीचा कागद नाही, जन्माची नोंद नाही, तेथे शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीला फार मोल असते. काही पानांची मूळ प्रत आता वाचता येत नाही. त्यांचे स्कॅन तेवढे उरले आहे. ते या एका यंत्रात होते आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. काम करण्याची परवानगी देताना अधीक्षक सर एवढेच म्हणाले, “तुम्ही काय बसवायचं ते बसवा, पण ही पोरांची नावं आहेत, एवढं लक्षात असू द्या.”

मग अशा यंत्राला हात लावायचाच कशाला? त्याचे कारण एका तारखेत आहे. १४ ऑक्टोबर ही तारीख या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. योगायोग असा की, २०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेतील छिद्रांना नेहमीच्या अद्यतनांतून ठिगळ मिळत नाही, आणि असे यंत्र घेऊन इंटरनेटवर जाणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पिढीतला प्रोसेसर लागतो. आमचा लॅपटॉप २०१६ सालचा, म्हणून तो अपात्र ठरला. नवा घ्यावा एवढे पैसे शाळेकडे नाहीत, आणि चालते यंत्र भंगारात काढणे आम्हांला पटले नाही. दुसरीकडे विंडोज पुरते काढून टाकणेही शक्य नव्हते. निकालपत्रके तयार करण्याचा जुना प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, आणि वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत की, तो फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन समोर येतो. मागील स्मरणिकेचा मजकूरही त्यातच आहे. तेव्हा असे ठरले की, इंटरनेटचे सगळे काम लिनक्सवर करायचे, आणि जुना प्रोग्राम व जुने फॉन्ट लागतील तेव्हा इंटरनेट बंद ठेवून विंडोज उघडायचे.

संगणक कक्षातील सहा यंत्रांचा प्रश्न वेगळा होता आणि तो आधी सुटला. त्या यंत्रांवर तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून परवान्याविना टाकलेली विंडोजची प्रत होती. आपल्या भागात ही इतकी सर्रास चालणारी गोष्ट आहे की, तिला कोणी चोरी म्हणत नाही. आम्हांला मात्र त्या खोलीच्या भिंतीवरील पंचशीलाचा तक्ता खटकत राहिला. दुसरे शील, अदिन्नादाना, म्हणजे न दिलेले घेण्यापासून दूर राहणे. मुले रोज सकाळी ते म्हणतात आणि नंतर त्या यंत्रांसमोर जाऊन बसतात. या शीलाचा शब्द नीट पाहिला तर त्याचा भर ‘दिलेले’ आणि ‘न दिलेले’ या भेदावर आहे. वस्तूची किंमत किती, हा प्रश्न त्यात येत नाही. लिनक्स येथे चपखल बसते, कारण ते खरोखर दिलेले आहे. ते वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्यास द्या. मात्र बदल करून पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच स्वातंत्र्य द्या, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. फुकट मिळते म्हणून ते चांगले, असे सांगणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. फुकट तर दुकानातली ती प्रतही जवळपास होतीच. सहाही यंत्रांवर राखण्यासारखे काही नव्हते, म्हणून ती संपूर्ण पुसून त्यांवर लिनक्स बसवले आणि त्यातच आमचा हात बसला.

या दिलेल्या वस्तूचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला; स्वतंत्र आणि सर्वांना मोकळी अशी संगणकप्रणाली उभी करणे हा त्याचा हेतू. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये, आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत आहोत, असे इतरांना कळवले. दोन्ही एकत्र आली आणि जगभरातील हजारो हातांनी ती वाढवली. आज बहुतेक मोबाइल ज्यावर चालतात त्या अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. म्हणजे चिंचपाड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या कमरेच्या पिशवीतही ते आहेच. २००४ साली उबुंटू आले. ते बनवणारी कंपनी कित्येक वर्षे, २०११ पर्यंत, मागेल त्याला त्याची सीडी टपालाने विनामूल्य पाठवीत असे. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर रायगड जिल्ह्यातील खैराट या लहान वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा प्रयोग झाला होता. तेथील मुलांच्या हातातील ती हिरवी-पांढरी यंत्रे लिनक्सवरच चालत. केरळमधील शासकीय शाळा तर गेली अनेक वर्षे याच वाटेने चालल्या आहेत. आपल्यापैकी ज्यांना वाटते की हे शहरातल्या इंजिनिअर मंडळींचे खेळणे आहे, त्यांनी खैराटचे नाव लक्षात ठेवावे.

आता एकाच यंत्रात दोन प्रणाली कशा नांदतात? हे समजावून सांगताना आम्हांला पुस्तकातल्या आकृत्यांचा उपयोग झाला नाही, नवापूर स्थानकाचा झाला. चिंचपाड्याहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिले आहे. स्थानक आधीचे; १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली आणि सीमारेषा नेमकी फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि एक बाक तर असा की त्याचे एक टोक या राज्यात व दुसरे त्या राज्यात. रेषा आखली म्हणून कोणी फलाट फोडला नाही. घोषणा चार भाषांत होतात आणि गाडी दोन्ही राज्यांची माणसे घेऊन पुढे जाते. डिस्कचे विभाजन हे असेच असते. डिस्क एकच राहते. तिच्यावर येथपर्यंत विंडोज आणि येथून पुढे लिनक्स, अशी नोंद होते. ही नोंद डिस्कच्या आरंभी असलेल्या एका कोष्टकात असते. ते कोष्टक सांभाळले तर काहीच बिघडत नाही, आणि ते बिघडले तर आतला मजकूर जागच्या जागी असूनही सापडेनासा होतो. अधीक्षक सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे रजिस्टर गेलं की मुलगा वर्गात असूनही पटावर नाही!” याहून नेमके आम्हांला सांगता आले नसते.

पहिला संपूर्ण दिवस आम्ही लिनक्सला हातच लावला नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणल्या आणि रजिस्टरांची पाने, प्रश्नपत्रिका, निकाल, फॉन्ट असे सगळे दोन्हींवर उतरवले. नुसते उतरवून थांबलो नाही. फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळवली आणि मधूनमधून पंचवीस पाने उघडून वाचून पाहिली. एक डिस्क कार्यालयाच्या कपाटात आणि दुसरी भन्तेजींच्या परवानगीने विहारातील ग्रंथांच्या कपाटात ठेवली, म्हणजे एका खोलीला काही झाले तरी दुसरी प्रत राहावी. खरे सांगायचे तर, लिनक्स बसवले नसते तरी या एका दिवसाने शाळेचे मोठे काम झाले होते.

मग विंडोजमधील तीन गोष्टी पाहिल्या. नवख्याने या तीन गोष्टी चुकवू नयेत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पहिली, डिस्क कुलूपबंद आहे का. काही लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचे कूटलेखन आपोआप सुरू असते. ते सुरू असताना बूटच्या व्यवस्थेत फेरफार केला तर यंत्र अठ्ठेचाळीस अंकी चावी मागते, आणि ती जवळ नसेल तर आपलेच घर आपल्याला बंद होते. आमच्या यंत्रात ते बंद होते. दुसरी गोष्ट, फास्ट स्टार्टअप. ही सोय सुरू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पुरते झोपत नाही, दार लोटून अर्धवट जागे राहते. अशा वेळी लिनक्स त्याच्या भागात काही लिहू देत नाही, आणि ते योग्यच आहे. ही सोय आम्ही बंद केली. तिसरी गोष्ट जागेची. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये मुख्य भाग आकसवण्याची सोय आहे. तो भाग बाहेरच्या साधनाने न आकसवता विंडोजकडूनच आकसवून घ्यावा, हे आमचे मत. आपल्या घरातील कोणती भिंत हलते ते ज्याचे घर त्याला अधिक कळते.

येथे पहिला अडथळा आला. पाचशे जीबीची डिस्क. तिला विंडोज ४६५ जीबी म्हणते, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. यात कोणी फसवलेले नाही. निम्म्याहून अधिक जागा मोकळी असूनही विंडोज अवघी नऊ जीबी सोडायला तयार होते. शोध घेता कळले की, काही फाइली जागच्या हलत नाहीत आणि त्यांतील एखादी डिस्कच्या मध्यावर ठाण मांडून बसली असेल, तर तिच्यापलीकडचीच जागा सुटते. हायबरनेशन बंद केले, पेजफाइल तात्पुरती काढली, सिस्टिम रिस्टोअर थांबवले, डिस्क डीफ्रॅगमेंट करून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा एकशेदहा जीबी सुटली. नंतर पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा पूर्ववत केले. लिनक्स मिंटला किमान वीस जीबी लागते आणि शंभर असावी अशी त्याची शिफारस आहे, तेव्हा आमची सोय झाली.

लिनक्सच्या अनेक प्रकारांतून मिंट निवडले, कारण त्याचे पडदे विंडोजची सवय असलेल्याला परके वाटत नाहीत, आणि त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही बरी चालते. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. सुमारे तीन जीबीची ती फाइल आमच्यापैकी एकाने पुण्याहून उतरवून आणली, कारण चिंचपाड्यात मोबाइलच्या रोजच्या पॅकवर तिला दोन दिवस लागले असते. फाइल खरी आणि धड आली आहे का, हे तपासण्यासाठी एसएचए २५६ नावाची चौसष्ट अक्षरांची खूण असते. विंडोजमधील सर्टयूटिल या आज्ञेने आपल्या फाइलीची खूण काढायची आणि मिंटने प्रसिद्ध केलेल्या खुणेशी ताडून पाहायची. एकाने वाचले, दुसऱ्याने पेन्सिलीने टिक केली, जसे परीक्षेचे गुण दोन शिक्षक ताडून पाहतात तसे. मग रूफस या साधनाने पेनड्राइव्ह तयार केला. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते सारे यात पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी सुरुवातीच्या क्षणी एक कळ दाबावी लागते. कोठे ती एफ१२ असते, कोठे एफ९, कोठे एस्केप. आमच्या हाताला तो क्षण सापडेना आणि विंडोजच तीन वेळा सुरू झाले. शेवटी शिफ्टची कळ दाबून ठेवून विंडोजमधूनच ‘रीस्टार्ट’ केले, तेव्हा कोणत्या उपकरणावरून सुरू करू, असे यंत्राने शहाण्यासारखे विचारले.

यानंतरचा टप्पा आम्हांला सर्वांत आवडला. पेनड्राइव्हवरून सुरू झालेले लिनक्स डिस्कवर काही न लिहिता तसेच वापरून पाहता येते. धम्माचे वर्णन करताना ‘एहिपस्सिको’ असा शब्द आपण वंदनेत म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. कोणाच्या सांगण्यावर विसंबून स्वीकारू नका, अनुभवाला उतरते का ते तपासा. आम्ही तासभर तपासले. पडदा, आवाज, माउस, कॅमेरा ठीक. प्रिंटरने पहिल्याच झटक्यात पान छापले. वायफाय मात्र दिसेना. मोबाइल वायरने जोडून इंटरनेट घेतले, तेव्हा ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा हरवलेला दुवा स्वतः शोधून दिला. आवडले नसते तर पेनड्राइव्ह काढून यंत्र बंद करायचे, आणि विंडोजला काही झाल्याचे कळलेही नसते.

प्रत्यक्ष बसवण्याला अर्धा तास लागला. भाषांच्या यादीत ‘मराठी’ हे नाव देवनागरीत लिहिलेले दिसले तेव्हा खोलीत जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन प्रश्नांनंतर तो पडदा आला ज्याच्यासाठी हे सारे चालले होते. त्यावर पर्याय जवळजवळ असतात. एक म्हणतो, विंडोजच्या शेजारी बसवा, आणि दुसरा म्हणतो, डिस्क पुसून बसवा. दोन ओळींत बोटभरही अंतर नाही. पहिला पर्याय निवडला. शेवटी यंत्र विचारते, हे बदल डिस्कवर लिहू का? आणि कोणकोणते भाग नव्याने तयार होणार, त्याची यादी दाखवते. विंडोजचे चार भाग आधीच होते, त्यामुळे यादीत फक्त पाचवा भाग असायला हवा होता. ती ओळ आम्ही तिघांनी स्वतंत्रपणे वाचली, मग अधीक्षक सरांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “चला.”

यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा काळ्या पडद्यावर ग्रब नावाच्या द्वारपालाची यादी उमटली. वर लिनक्स मिंट, खाली विंडोज, आणि दहा सेकंदांची मुदत. आम्ही आधी विंडोज उघडले. रजिस्टराचा फोल्डर उघडला. पाने होती. सरांनी मधलेच एक पान काढून एका मुलाचे नाव मोठ्याने वाचले. तो मुलगा आज नंदुरबारला शिक्षक आहे. त्यानंतरच चहा आला.

कार्यालयातील लिपिक ताईंची वर्षांची सवय मोडू नये, म्हणून काही न निवडल्यास विंडोजच सुरू व्हावे असे ग्रबला सांगून ठेवले. आमच्यातील एकाचे यावर वेगळे मत होते. सवय मोडल्याशिवाय नवे रुजत नाही, असे त्याचे म्हणणे. पण जिला रोज त्या यंत्रावर दाखले काढायचे आहेत तिच्या सोयीला आम्ही मान दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याच ताई धावत आल्या. “दादा, यात पहाटेचे साडेचार वाजलेत!” हा बिघाड नव्हता, समजुतीचा घोटाळा होता, आणि तोही दोन प्रणालींमधला. लॅपटॉपमधील लहान बॅटरीवर चालणारे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते, असे विंडोज धरून चालते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि भारताचे साडेपाच तास आपण होऊन मिळवते. लिनक्सने घड्याळ आपल्या रीतीने लावले, विंडोजने ते आपल्या रीतीने वाचले, आणि नेमका साडेपाच तासांचा फरक पडला. लिनक्सलाच एका आज्ञेने सांगितले की, तूही स्थानिक वेळ धर. असे करताना ते एक इशारा देते की, ऋतूनुसार घड्याळे मागेपुढे करणाऱ्या देशांत याने गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे ती रीत नाही, म्हणून चिंता नव्हती. साडेपाचचा आकडा एकदा ओळखीचा झाला की हा दोष लांबूनच ओळखता येतो.

सुटीत वसतिगृहात दहाबारा मुले राहिली होती. त्यांचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले होते आणि घरी कोणी नव्हते. सहा यंत्रांवर ही मुले दिवसभर टक्स पेंटमध्ये चित्रे काढीत बसत. त्यांतील सातवीच्या एका मुलीने विचारले, “दादा, यात मराठी आहे तर आमची मावची का नाही?” तिला उत्तर देण्यासाठी मराठी कोठून आली ते सांगावे लागले. ती कोणा सरकारी हुकुमाने आलेली नाही. पुण्यात रेड हॅट कंपनीत बसलेल्या भाषांतरकारांनी आणि नाव न झालेल्या स्वयंसेवकांनी एकेक शब्द बसवला. ‘लोहित’ हा मोकळा देवनागरी फॉन्टही त्याच कंपनीने सर्वांना दिला. अजूनही काम अर्धे आहे. मिंटमध्ये काही मेनू मराठी होतात, काही इंग्रजीच राहतात. जी वस्तू दिलेली आहे आणि जिच्यात बदल करण्याची मुभा आहे, तिच्यात मावचीही घालता येते. ती घालायला मावची बोलणारी माणसे हवीत. मुलीने हे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर एक यादी आणली. ‘उघडा’, ‘बंद करा’, ‘जतन करा’, ‘परत जा’, आणि प्रत्येकासमोर देवनागरीत मावची शब्द. ‘जतन करा’समोर दोन शब्द होते. एक तिच्या आजीचा, एक तिचा. कोणता घ्यावा, यावर मुलांत वाद झाला आणि तो आम्ही निघेपर्यंत मिटला नव्हता. लिनक्समध्ये एखादी भाषा रीतसर दाखल होण्याचे काम मोठे आणि किचकट आहे, हे आम्ही तिला लपवून ठेवले नाही. वही तिच्याकडेच आहे; तीत पुढे भर पडत असल्याचे अधीक्षक सर फोनवर सांगतात.

शिक्षकांना पुढे अडू नये म्हणून आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील मराठी पाठ उतरवून ठेवले आहेत. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर तो लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचे. पेनड्राइव्ह कार्यालयाच्या कपाटात वरच्या खणात, खाकी पाकिटात आहे आणि पाकिटावर कोणती कळ कधी दाबायची ते लिहिले आहे.

रजिस्टरांच्या स्कॅन केलेल्या पानांना आता नाव आणि वर्ष देण्याचे काम लिनक्सवर चालू आहे. निम्म्याहून थोडी अधिक पाने झाली. ज्या पानांच्या कडा गेल्या आहेत, त्यांवरील काही नावे अर्धीच वाचता येतात. कोठे आडनाव आहे आणि नाव नाही, कोठे गाव आहे आणि बापाचे नाव नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे आपला किंवा आपल्या वडिलांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, त्यांनी त्याची छायाप्रत शाळेत आणून द्यावी, म्हणजे त्या ओळी पुऱ्या करता येतील. रविवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी दोननंतर अधीक्षक सर कार्यालयात असतात.